अप्लाय दाबल्यावर तुमचा बायोडाटा जातो कुठं? नोकरीची पोर्टलं आतून कशी चालतेत ते सांगतो

धारूर तालुक्यातल्या एका पोराचा मागच्या हंगामात फोन आला. आयटीआय टर्नर झालेला, एका छोट्या वर्कशॉपमधी सव्वा वर्ष सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या कंट्रोलवर चालणारं मशीन, चालवलेलं. म्हणला, "दादा, तीन महिने झाले रोज अप्लाय करायलोय, एकाचाबी फोन येईना, हे ऑनलाइनचं सगळं खोटंच असतंय का?" मी म्हणलं प्रोफाइलचे स्क्रीनशॉट पाठव बरं आधी. बघितलं तर लोकेशनमधी गावाचं नाव, अनुभवाच्या जागी फ्रेशर, स्किलमधी हार्डवर्किंग, ऑनेस्ट, टीमवर्क, आणि मोबाइल नंबर वडिलांचा, अन् वडील त्या टायमाला ऊसतोडीला सांगलीकडं फडात. कुणी फोन केलाबी असंल तर तो तिकडं फडात वाजला असंल.

पोरगं कामाचं होतं. आणि तसल्याच पोरायला शोधणारी माणसं छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीमधी बसलेली होती हे मला पक्कं माहितीय, कारण मी स्वतः तिथं एका कंपनीत साडेचार वर्षं भरतीचं काम केलंय. दोघंबी एकमेकाला हुडकायलेत आणि मधी भेटच होत नाही, हे बघून जीव तुटतो. म्हणून आज सविस्तर लिहायलोय, थोडं लांबंल, पण वाचा.

1985 ला वाळूजमधी बजाजचा प्लांट चालू झाला, त्या काळातलं आमचे काका सांगतेत की नोकरी म्हणजे सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, नाही तर आत कुणी ओळखीचा असंल त्याच्या हातात कागद द्यायचा. आता गेट ऑनलाइन झालंय एवढंच, पण आपली पोरं अजूनबी नुसतीच गेटवर उभी राहतेत, अप्लाय दाबतेत अन् वाट बघतेत. खरी गोष्ट अशी की नोकरी डॉट कॉम असो, इंडीड असो का अपना ॲप, जवळपास सगळ्यायला दोन दरवाजे असतेत. एक तुम्हाला दिसतो, जाहिरात येती, तुम्ही अप्लाय करता. दुसरा दरवाजा कंपनीच्या बाजूला असतो, तो तुम्हाला दिसतच नाही. तिथं भरतीवाला पैसे भरून पोर्टलच्या साठ्यात थेट शोध घेतो, म्हणजे तुम्ही कुठंच अप्लाय केलेलं नसलं तरी तुमचं प्रोफाइल त्याच्या समोर येऊ शकतं.

माझं काम कसं चालायचं ते सांगतो. सोमवारी प्रॉडक्शनचा मॅनेजर म्हणायचा, सहा सीएनसी ऑपरेटर पाहिजेत, गुरुवारपर्यंत लाइनीवर उभे पाहिजेत. जाहिरात टाकली की दोन दिवसात शेकड्यानं अर्ज यायचे, त्यात बीए झालेला, नर्सिंग झालेली, बारावी नापास, सगळेच, कारण लोकं जाहिरात न वाचता अप्लाय दाबतेत. तो ढीग चाळायला वेळच नसायचा. मग मी दुसऱ्या दरवाज्यानं जायचो. शोधाच्या चौकटीत टाकायचो सीएनसी ऑपरेटर, मग फॅनक (सीएनसीच्या कंट्रोलची कंपनी), मग अनुभव एक ते तीन वर्षं, शहर, शिक्षण आयटीआय, आणि शेवटी एक खूण करायचो की मागच्या पंधरा दिवसात किंवा महिन्यात जे लोकं पोर्टलवर आलेत तेवढेच दाखव. यादी यायची, वरचे वीस-पंचवीस उघडायचो, दहा-बारा जणायला फोन लावायचो, चार-पाच जण उचलायचे. झालं. त्या धारूरच्या पोराचं प्रोफाइल या चाळणीत पहिल्याच फटक्यात खाली पडलं असतं, आणि त्याला ते कधी कळलंबी नसतं.

आता एकेक चाळणी बघू.

सगळ्यात मोठी चाळणी शब्दाची. यंत्राला तुमचा स्वभाव कळत नाही, त्याला शब्द कळतो. भरतीवाला हार्डवर्किंग असं टाकून कधीच शोधत नाही, तो मशीनचं नाव टाकतो, सॉफ्टवेअरचं नाव टाकतो, कामाचं नाव टाकतो. त्या पोराला मी विचारत बसलो अर्धा तास. कंट्रोल कोणता होता? फॅनक. ऑफसेट कोण द्यायचं? मीच. इन्सर्ट कोण बदलायचं? मीच. माप कशानं घ्यायचास? व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज. ड्रॉइंग वाचता येतं का? येतं की. अरे मग हे सगळं लिहिलं कामून नाहीस? तर म्हणला, "हे तर रोजचंच काम आहे दादा, त्यात काय लिहायचं." नेमकं हेच लिहायचं असतंय! रोजचं कामच तुमची किंमत असती. बीकॉम झालेल्या मुलीनं नुसतं कॉम्प्युटर नॉलेज न लिहिता टॅली प्राइम, जीएसटीआर-1, 3बी, ई-वे बिल, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन असं लिहावं, जेवढं खरंच येतंय तेवढंच. आणि हे शब्द इंग्रजी अक्षरात टाका, कारण शोधणारा इंग्रजीत शोधतो. छोट्या वर्कशॉपमधला अनुभवबी अनुभवच असतो, तिथं पगारपत्रक मिळत नव्हतं म्हणून स्वतःला फ्रेशर लिहू नका. मालकाकडून लेटरहेडवर अनुभवाचं पत्र, तारखा टाकून, सही-शिक्क्यासकट घेऊन ठेवा, बहुतेक मालक देतेत.

बायोडाट्याच्या फाइलचं पण असंच. तुम्ही फाइल अपलोड केली की सॉफ्टवेअर ती वाचून नाव, शिक्षण, अनुभव वेगवेगळ्या खान्यात टाकतं. आपल्याकडं नेट कॅफेवाला जो रंगीत चौकटीचा, दोन रकान्याचा, फोटोवाला बायोडाटा काढून देतो ना, तो दिसायला भारी पण सॉफ्टवेअर त्यात गडबडतं, डावीकडचं उजवीकडं मिसळतं. आणि कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो अपलोड केला असंल तर त्यातलं धड वाचता येईलच याचा भरवसा नसतो. साधं एका रकान्याचं वर्डमधी टाइप केलेलं, पीडीएफ करून सेव्ह केलेलं, एक पान, फार तर दोन, बास. जात, धर्म, वडिलांचा धंदा, लग्न झालंय का नाही, हे कंपनीला नको असतंय, ते सोयरिकीच्या बायोडाट्यात शोभतं. ती जागा कामाच्या शब्दाला द्या.

दुसरी चाळणी शहराची, आणि इथं मराठवाड्याच्या पोरायचं भलतंच नुकसान होतं. तुम्ही लोकेशनमधी गाव टाकलं आणि भरतीवाल्यानं शहर टाकलं, तर तुम्ही यादीत येतच नाही. तुमची जायची तयारी असंल तर प्रिफर्ड लोकेशन म्हणून जो रकाना असतो त्यात ती शहरं निवडा. वर अजून एक घोळ आहे, 2023 ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण कंपन्यायच्या जुन्या जाहिराती, जुने सेट केलेले शोध कुठं जुन्या नावानं, कुठं नव्या नावानं. म्हणून नोकरी शोधताना दोन्ही नावं टाकून बघायचं, आणि वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा असं वेगवेगळंबी टाकून बघायचं. औरंगाबाद टाकल्यावर बिहारमधलं औरंगाबाद पण येतं, एका पोरानं तर अर्ज करून टाकला होता, नंतर फोनवर कळलं की जिल्हा बिहारमधला आहे. अप्लाय दाबायच्या आधी पत्ता वाचायला अर्धा मिनिट लागतो.

तिसरी चाळणी ताजेपणाची. सहा महिने लॉगिनच केलं नाही तर यंत्र समजतं की या माणसाला आता नोकरी नको असंल, आणि तुम्ही यादीत पार खाली जाता. आठवड्यातून दोनदा आत यायचं, एखादी ओळ दुरुस्त करायची, सेव्ह करायचं. एवढं केल्यावरबी फरक पडतो, हे मी त्या बाजूला बसून बघितलंय.

आणि मग फोन अन् ईमेल. ही चाळणी नाही खरं तर, पण सगळ्यात जास्त पोरं इथंच गळतेत. आपल्याकडं फॉर्म भरायला मल्टिसर्व्हिसवर जायची सवय, आणि कित्येक ठिकाणी तो दुकानदार घाईत स्वतःचाच ईमेल टाकतो, पासवर्ड त्यालाच माहीत, मग इंटरव्ह्यूचा मेल त्याच्या डब्यात पडून राहतो. काही जण रिचार्ज संपलं की सिमच बदलतेत, आणि पोर्टलवर जुनाच नंबर. माझी हात जोडून विनंती आहे, स्वतःचा ईमेल काढा, त्यात स्वतःचं सरळ नाव ठेवा, पासवर्ड वहीत लिहून ठेवा, आणि एक नंबर नोकरी लागंपर्यंत चालू ठेवा, स्वतःचाच. अनोळखी नंबर उचला, आवाज येत नसंल तर शेतातून जरा बाहेर येऊन परत फोन लावा. मी कित्येकदा यादीतला पहिला माणूस सोडून पाचव्याला घेतलंय, कारण पाचव्यानं फोन उचलला.

सरकारी पोर्टलाबद्दल थोडं. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, एनसीएस म्हणतेत ते, 2015 पासून आहे, फुकट आहे, हेल्पलाइन 1514. राज्याचं महास्वयम, म्हणजे पूर्वी एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं कार्ड काढायला जिल्ह्याच्या ठिकाणी रांगेत उभं राहावं लागायचं, ते आता तिथं होतं. दोन्हीवर नोंदणी करून ठेवा, कारण जिल्ह्याच्या रोजगार मेळाव्याच्या जागा महास्वयमवर आधी लागतेत, मेळाव्याच्या दिवशी नुसतं जाऊन उभं राहण्यापेक्षा आधी ऑनलाइन अर्ज टाकून गेलेलं बरं. पण फक्त एवढ्यावर बसून राहू नका, खाजगी कंपन्यायची वर्दळ खाजगी पोर्टलवर जास्त असती.

भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी म्हणतील, आम्हाला तर सरकारीच पाहिजे. करा, मनापासून करा. फक्त 2024 च्या पोलिस भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाखांच्या वर अर्ज आले होते हे डोळ्यासमोर ठेवा, आणि अभ्यासाच्या सोबतीनं एक प्रोफाइल जिवंत ठेवा, त्यानं अभ्यासाचं काही अडत नाही.

आता अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत ठराविक काळ काम करत शिकायचं अन् स्टायपेंड (शिकतानाचा महिन्याचा भत्ता) घ्यायचा, ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण शिकलेल्या पण अनुभव नसलेल्या पोरायला यापेक्षा सरळ रस्ता मला दुसरा माहीत नाही. 1961 चा अप्रेंटिस कायदा आहे. त्याच्या नियमात असं आहे की ज्या कंपनीत 30 किंवा जास्त माणसं आहेत तिला एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतेत. म्हणजे कंपनी तुमच्यावर मेहेरबानी करत नाही, तिला तुम्ही लागता. यासाठी दोन पोर्टलं आहेत. आयटीआय आणि बाकीच्या कौशल्याच्या ट्रेडसाठी अप्रेंटिसशिप इंडिया, ज्याच्यावर 2016 ला चालू झालेली नॅप्स (नॅशनल अप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीम) योजना चालती, तिच्यात स्टायपेंडचा 25 टक्के भाग, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत, सरकार देतं. डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यासाठी नॅट्स (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम), तिथं किमान स्टायपेंडचा अर्धा वाटा सरकारचा.

कंपनीला स्वस्त पडतं, तुम्हाला अनुभव मिळतो, शेवटी सर्टिफिकेट मिळतं. पण इथं एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची. काही ठिकाणी पोरायला ट्रेनी म्हणून घेतेत, तोंडी म्हणतेत अप्रेंटिस आहे, वर्षभर राबवून घेतेत आणि पोर्टलवर करारच केलेला नसतो. वर्ष संपल्यावर पोराच्या हातात काहीच नाही. खरा अप्रेंटिस असंल तर तुमच्या स्वतःच्या लॉगिनमधी करार दिसतो, त्यावर नंबर असतो, कंपनीचं नाव, ट्रेड, तारखा, स्टायपेंडची रक्कम असती. जॉइन झाल्यावर तो करार दिसत नसंल तर एचआरला नीट शब्दात विचारा, "सर, माझा पोर्टलवरचा करार कधी होणार?" विचारायला लाजू नका, तुमच्या एका वर्षाचा प्रश्न आहे. आणि पोर्टलवर नुसतं जिल्ह्याचं नाव टाकून थांबू नका, जालन्याच्या स्टीलवाल्या कंपन्या, बियाण्याच्या कंपन्या, शेंद्र्याच्या गाड्यांच्या कंपन्या, कुठं जागा उघडल्या ते ट्रेडप्रमाणं शोधत राहा.

लिंक्डइनबद्दल पोरं विचारतेत, काढू का? मशीन ऑपरेटरला त्याची एवढी गरज नाही, पण डिप्लोमा, इंजिनिअरिंग, फार्मसी, ॲग्री, एमबीए, एमएस्सीवाल्यानं काढावंच. त्याचा खरा उपयोग अप्लाय दाबण्यापेक्षा माणसं शोधायला होतो. तुमच्या कॉलेजच्या पानावर ॲलम्नाय नावाचा भाग असतो. समजा तुम्ही नांदेडच्या एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलात, तर तिथं शिकलेले लोकं आज कोणत्या कंपनीत, कोणत्या शहरात आहेत ते दिसतं. पुण्यात आपली ओळख नाही असं म्हणणाऱ्या पोरायच्या ओळखी तिथं पडूनच आहेत, फक्त कुणी हाक मारलेली नाही. हाक कशी मारायची? "सर प्लीज गिव्ह मी जॉब" असं नाही. साधं लिहा, सर, मी आपल्याच कॉलेजचा, अमुक साली पास, तुमच्या कामासारखं काम शिकायचंय, सुरुवातीला कोणतं सॉफ्टवेअर शिकू ते सांगाल का. दहा जणायला लिहिलं तर दोघं-तिघं उत्तर देतेत, आपल्या भागाचा माणूस म्हणलं की जरा जास्तच आपुलकीनं देतेत. त्यातलाच एखादा नंतर कंपनीत जागा निघाली की स्वतःहून कळवतो.

शिकायचं असंल तर सरकारचं ऑनलाइन कोर्सचं स्वयम पोर्टल आहे, 2017 पासून, आणि आयआयटीवाल्यांचं एनपीटीईएल. शिकणं फुकट, सर्टिफिकेट पाहिजे असंल तर परीक्षेची फी भरून सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची. भरमसाठ फी घेऊन शंभर टक्के जॉब गॅरंटी म्हणणाऱ्या क्लासपेक्षा आधी हे करून बघा. एक कोर्स पूर्ण करा, दहा अर्धवट नको.

फसवणुकीचं लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. माझी मावसबहीण, अंबाजोगाईची, तिला व्हॉट्सॲपवर एका नावाजलेल्या कंपनीच्या लोगोचं ऑफर लेटर आलं. इंटरव्ह्यू नाही, काही नाही, थेट निवड. मग गेट पास अन् युनिफॉर्मचे 2,200 रुपये भरा म्हणले, तिनं भरले, मग मेडिकलचे मागितले, तवा तिनं मला फोन केला. तिच्या शिवणकामाचे पैसे होते ते. ती दोन दिवस नीट जेवली नाही, पैशापेक्षा आपण फसलो याचंच तिला जास्त लागलं होतं, आणि म्हणून मी हे सगळ्यायला सांगतो की यात फसणाऱ्याची लाज नाही, लाज फसवणाऱ्याची. चांगली कंपनी नोकरी द्यायला पैसे घेत नाही, एक रुपयाबी नाही, डिपॉझिट नाही, रिफंडेबल नाही, लॅपटॉपचं नाही. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करा, पैसे कमवा, असं म्हणून आधी शे-दोनशे खरंच देतेत आणि मग हजारो भरायला लावतेत. अजून वाईट म्हणजे "तुझं बँक खातं वापरायला दे, कमिशन देतो" असं काम. हे काम नाहीच, दुसऱ्यायला लुटलेले पैसे तुमच्या खात्यातून फिरवतेत आणि पोलिस तुमच्या दारात येतेत. परदेशात नोकरी म्हणलं तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी केलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये अन् त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घ्यायची परवानगी नाही. पैसे गेलेच तर रडत बसायच्या आधी सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावा, जेवढ्या लवकर लावाल तेवढी पैसे मधीच अडवायची शक्यता जास्त. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर.

धारूरच्या त्या पोराचं प्रोफाइल आम्ही दोघायनं फोनवरच बसून नवीन केलं, स्वतःचं सिम टाकलं. तिसऱ्या आठवड्यात त्याला दोन फोन आले, दुसऱ्या ठिकाणी लागला, कॉन्ट्रॅक्टवर का होईना पण सीएनसीवरच. लागल्यावर त्याला जे सांगितलं ते तुम्हालाबी सांगतो, कारण हे पहिल्या पगाराच्या आनंदात राहून जातं. पीएफचा यूएएन (युनिव्हर्सल अकाउंट नंबर) मागून घे. हा नंबर जन्मभर एकच असतो, कंपनी बदलली तरी बदलत नाही. मूळ पगार अन् महागाई भत्त्याच्या 12 टक्के कापले जातेत, तेवढाच हिस्सा कंपनीनं भरायचा असतो, आणि ते खरंच जमा होतंय का ते उमंग ॲपवर पासबुकात दिसतं. दर महिन्याला बघ. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं आणि आधारवर बहुतेकायचं स्वतःचं नाव आधी, त्यामुळं केवायसीला नाव जुळत नाही आणि पुढं पैसे काढताना अडकतं. म्हणून जॉइन होतानाच एचआरला सांग की आधारवर आहे तसंच नाव टाका, स्पेलिंगसकट. आणि उद्या कंपनी बदलशील तवा नव्या ठिकाणी पीएफचा फॉर्म 11 भरताना जुनाच यूएएन लिहायचा, नवीन काढू द्यायचा नाही.